नऊ पिल्लांतलं एक कसं निवडायचं?

कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या एका वडिलांचा प्रश्न आलाय. मुलगा सोळा वर्षांचा, स्नायूंच्या आजारामुळे व्हीलचेअरवर. हातातून पडलेली वस्तू उचलून देणारं, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणारं, वेळ पडली तर आतून आईला बोलावून आणणारं कुत्रं त्याला हवंय. कागलजवळ ओळखीच्या एकाकडे लॅब्रेडॉर व्यायलीय, नऊ पिल्लं आहेत, या रविवारी पस्तीस दिवसांची होतील. ते लिहितात, "मालक म्हणतो लवकर या, चांगली चांगली जातील. ४९ व्या दिवशी एक चाचणी घेतात असं वाचलं. ती घेतली की मदतनीस कुत्रा होणारं पिल्लू नक्की कळतं का? आणि ती आम्हाला घेता येईल का?"

दादा, नक्की कळत नाही. मदतनीस कुत्री निवडण्याच्या, शिकवण्याच्या या कामात मला बावीस वर्षं झाली. वडील पोलिसांच्या श्वानपथकात हँडलर होते, त्यामुळे कुत्र्यांतच वाढले म्हणा. तरी सात आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून "हे होणार" असं मी आजही छातीठोक सांगत नाही. "हे होणार नाही" एवढं मात्र बऱ्याचदा सांगता येतं. बेण्याचा ऊस निवडताना आपण कीड लागलेली, डोळा मेलेली कांडी बाजूला टाकतो. एकरी किती टन पडणार हे काही कांडीवर लिहिलेलं नसतं. चाचणीचं कामही तेवढंच. आणि नवातली चार-पाच जरी बाजूला काढता आली तरी तुमची दोन वर्षांची मेहनत वाया जाण्याची भीती बरीच कमी होते.

तुम्ही वाचलेली चाचणी बहुधा जोआकिम आणि वेंडी व्होल्हार्ड या दांपत्याची. दहा छोट्या परीक्षा, प्रत्येकीत १ ते ६ गुण. शाळेसारखं जास्त गुण म्हणजे हुशार, असं इथे नसतं. १ म्हणजे अंगावर चढणारं, वरचढ पिल्लू. ६ म्हणजे माणसाशी देणंघेणं नसलेलं. मदतीच्या कामाला बहुतेक ३ आणि मधूनमधून ४ असलेलं पिल्लू बघतात. यातल्या पहिल्या काही परीक्षा त्यांच्याआधी विल्यम कॅम्पबेल यांनी मांडलेल्या होत्या. पण १९९८ मध्ये स्वीडनच्या विल्सन आणि सुंडग्रेन यांनी जर्मन शेफर्ड कुत्र्यांची आठव्या आठवड्यातली चाचणी आणि तीच कुत्री मोठी झाल्यावरची चाचणी ताडून बघितली, तेव्हा दोन्हींचा फारसा मेळच बसला नाही. दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या कुत्र्यांवर स्लॅबर्ट आणि ओडेंडाल यांनी १९९९ मध्ये केलेल्या कामात एक परीक्षा उपयोगाची निघाली: आठव्या आठवड्यात फेकलेली वस्तू पिल्लू परत आणतं का. कॅलिफोर्नियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी याच परीक्षेवर बोट ठेवलं होतं, आणि तेही त्याच्या कितीतरी आधी. माझा स्वतःचा अनुभवही त्या बाजूचाच आहे. म्हणून मी दहाच्या दहा परीक्षा घेते, पण सगळ्यांना सारखं वजन देत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करणाऱ्या, हाताशी पशुवैद्य आणि शिक्षक असलेल्या परदेशी संस्थांतसुद्धा जवळपास निम्मी कुत्री शेवटपर्यंत पोचत नाहीत. तुमच्याकडे एकच पिल्लू असणार. तेव्हा घरात आजच बसून ठरवा, हे कुत्रं कामाचं नाही निघालं तर ते घरातच राहणार का? "राहणार" असं उत्तर असेल तरच पुढचं वाचा.

या रविवारी जा, पण पिल्लांसाठी जाऊ नका. आईला बघायला जा.

आईचा स्वभाव पिल्लांत दोन वाटांनी उतरतो, रक्तातून आणि सहवासातून. पिल्लं तिच्या अंगाशी असताना अनोळखी माणूस आला की ती थोडी भुंकेल, ते साहजिक आहे. मालकाने "गप" म्हटल्यावर पाच-दहा मिनिटांत ती शेपूट हलवत तुमचा हात हुंगायला आली तर छान. ती कोपऱ्यात दबून राहिली, किंवा मालकच म्हणाला की "तिला नको बाहेर काढायला, चावंल," तर तिथूनच चहा पिऊन परत या. आई दाखवायलाच तयार नसेल तर चहासुद्धा नको. बाप सहसा दुसऱ्या गावचा असतो, त्याच्या मालकाचा नंबर मागून घ्या. आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढलेत का, हेही विचारा. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आजार बऱ्यापैकी आढळतो, आणि व्हीलचेअरसोबत दिवसभर उठबस करणाऱ्या कुत्र्याला तो परवडत नाही. आपल्या भागात असे एक्स-रे काढणारे मालक थोडे आहेत. विचारल्यावर समोरचा कसा बोलतो त्यावरूनही बरंच समजतं.

आईबद्दल आणखी एक गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सीइंग आय या, अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या ९८ पिल्लांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आया पिल्लांना सतत कुरवाळत होत्या, त्यांची पिल्लं पुढे शिक्षणात जास्त गळली. ज्या आया बसून किंवा उभ्याने पाजायच्या, म्हणजे पिल्लांना दुधासाठी थोडी धडपड करावी लागायची, त्यांची जास्त पास झाली. आमची आजी म्हशीच्या रेडकाबद्दल असंच काहीतरी बोलायची, ते जाऊ दे. पाच आठवड्यांना लॅब्रेडॉर आई पिल्लांपासून उठून चालायला लागते आणि पिल्लं मागे पळतात. ते दृश्य दहा मिनिटं उभं राहून बघा. कोण नेटाने मागे जातं, कोण दोन पावलांत रडत बसतं, कोण आईला सोडून तुमच्या चपलेकडे येतं, ते लिहून ठेवा.

मालक म्हणेल, आत्ताच न्या. नेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात, हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे. पण पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी कुस्ती खेळत दात किती जोरात लावायचा ते शिकतात. जोरात चावलं की भाऊ किंचाळतो आणि खेळ मोडतो, एवढा साधा धडा. तो चुकलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातातली वस्तू घेताना हात फोडणार, आणि तुमचा मुलगा हात पटकन मागे घेऊ शकत नाही. आगाऊ पैसे देऊन टाका हवं तर, पण "नवातलं कुठलं ते आम्ही आठव्या आठवड्यात सांगणार" या अटीवर.

आता चाचणी. एकोणपन्नासावा दिवस या रविवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी येतो. दिवस एक-दोन इकडे-तिकडे झाला तर बिघडत नाही. पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात. लस किंवा जंताचं औषध चाचणीच्या आधी चार दिवसांत दिलेलं नसावं, हे मालकाला आजच सांगून ठेवा. वेळ सकाळची, पिल्लं जागी आणि भुकेली असताना. जागा त्यांनी कधी न पाहिलेली हवी: शेजाऱ्याचा सोपा, रिकामं गोडाऊन, काहीही. एका वेळी एकच पिल्लू, आणि मालक नजरेआड. चाचणी घेणारा माणूस पिल्लांना अनोळखी हवा. तुम्ही तर या रविवारी जाऊन येणार, म्हणून मेव्हण्याला किंवा शेजारच्या एखाद्या शांत माणसाला न्या आणि तुम्ही कोपऱ्यात बसून मोबाईलवर चित्रण करा. घरी येऊन बघताना वेगळंच दिसतं. पिल्लांच्या गळ्यात रंगीत लोकरीचे सैल दोरे बांधा, नाहीतर नऊ काळ्या लॅबमध्ये कोण कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सामान घरातलंच. एक पितळी किंवा स्टीलची परात, छत्री, चुरगाळलेल्या कागदाचा गोळा, लांब दोरीला बांधलेलं फडकं, झाकणाचा स्टीलचा डबा आणि उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. कलेजी नुसती उकडायची. रात्रीच्या सुक्क्यातली धुऊन नेली तर चालेल का, असं एकाने मला विचारलं होतं. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, तेव्हा नाही.

पहिल्या दोन-तीन परीक्षा सोप्या. पिल्लू मध्ये ठेवायचं, चार-पाच पावलांवर उकिडवं बसून हलक्या टाळ्या वाजवून बोलवायचं. मग उठून चालायचं, मागे येतं का बघायचं. इथेच आपली पहिली फसगत होते. सगळ्यात आधी धावत येऊन बुटावर चढणारं, लेस ओढणारं पिल्लू आपल्याला आवडतं.

मीही फसलेय. साधारण तेरा वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका काकूंसाठी पिल्लू निवडलं होतं. त्यांना संधिवाताने वाकता येत नव्हतं. सात पिल्लांतलं एक शेपूट वर करून बाणासारखं आलं, माझी ओढणी तोंडात धरली आणि सोडेना. मालक म्हणाला, "ताई, हे घ्या की, लई चपळ हाय." मी घेतलं. नाव ठेवलं वाघ्या. घरात सगळं शिकला, काठी उचलून द्यायचा, चप्पल आणायचा. अकरा महिन्यांचा असताना मी त्याला गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं, म्हशी, कासंड्या, गर्दी यांची सवय व्हावी म्हणून. त्याने एक म्हैस बघितली आणि पुढचं त्याला काही ऐकूच आलं नाही. पट्टा माझ्या हातात होता म्हणून बरं. काकूंच्या हातात असता तर त्या रस्त्यावर पडल्या असत्या. चार महिने घालवले, ती ओढ काही जाईना. शेवटी पन्हाळ्याच्या बाजूला एका मळ्यात दिला. तिथे सुखात जगला, पण काकूंचं एक वर्ष गेलं आणि ते माझ्यामुळे गेलं. पिल्लाचा उतावळेपणा मी धीटपणा समजले होते. बोलावल्यावर येताना वाटेत थांबून एकदा वास घेणारं, येऊन तुमच्याकडे मान वर करून बघणारं, शेपूट मध्यम उंचीवर हलवणारं पिल्लू मला आता जास्त आवडतं. ओढणी पकडून न सोडणारं अजिबात नको.

पिल्लाला उताणं पाडून अर्धा मिनिट दाबून धरायची एक परीक्षा या चाचण्यांत असते. मी ती तशी घेत नाही. कुत्र्याला "दाबून" मालक बनायचं, त्या जुन्या समजुतीतून ती आलीय आणि पिल्लाला त्यातून नुसती भीती शिकायला मिळते. त्याऐवजी मांडीत आडवं घेऊन छातीवर हात ठेवते, अर्धा मिनिट. थोडं वळवळून सैल पडणारं चांगलं. पूर्ण वेळ लढणारं अवघड. आणि पहिल्या क्षणापासून लाकडासारखं ताठ झालेलं, ओठ चाटणारं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणारं त्याहून अवघड, कारण ते शांत दिसतं. तसंच मांडीत असताना पंजाच्या दोन बोटांमधली कातडी चिमटीत धरून हळूहळू दाब वाढवायचा आणि एक ते दहा मोजायचे. पिल्लाने पाय ओढला की लगेच सोडायचं. दोन-तीनलाच किंचाळणारं पिल्लू तुमच्याकडे नको, कारण व्हीलचेअरचं चाक कधी ना कधी शेपटीला लागणारच. दहापर्यंत काहीच न जाणवणारंही शिकवायला जड जातं. मधलं बघा.

आता परात. सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते.

काही वर्षांपूर्वीची एक सकाळ सांगते, तीही कागलचीच. जुन्या घराचा सोपा, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात शेंगांची पोती. पिल्लू आपल्याच नादात हुंगत असताना त्याच्या पाठीमागे सहा-सात फुटांवर परात कमरेच्या उंचीवरून पाडायची. लाल दोऱ्याच्या पिल्लाने उडी मारली, वळलं आणि मानेवरचे केस उभे करून भुंकायला लागलं. परात थांबली, हे थांबेना. हिरवा दोरा दारापाशी पळाला आणि उंबऱ्यावर नाक टेकून रडत राहिला. दोन मिनिटांनी कलेजी नाकापाशी धरली तरी तोंड लावलं नाही. पिवळ्या दोऱ्याची मादीसुद्धा घाबरली. हिरव्याइतकीच घाबरली म्हणा. सरळ पोत्यांच्या मागे गेली. मी मनात आकडे मोजत होते. नऊला पोत्याआडून नाक दिसलं. चौदाला ती बाहेर आली, परातीकडे सरळ न येता भिंतीकडेने वळसा घेऊन. मान लांब, मागचे पाय अजून पळायच्या तयारीत. परातीची कड हुंगली. मग एक पंजा कडेवर ठेवला, तशी परात कलंडून परत खण्ण वाजली. मागे उडी. आता मात्र तीनच आकड्यांत परत आली, आणि येताना एकदा माझ्याकडे बघितलं.

मी त्या दिवशी तीच घेतली. आज ती काम करते. लोकांना वाटतं न दचकणारं पिल्लू हवं. न दचकणारं पिल्लू मिळालं तर आधी त्याला नीट ऐकू येतं का ते बघा. दचकल्यावर किती वेळात पूर्वपदावर येतं आणि त्या वस्तूकडे आपणहून परत जातं का, मी एवढंच टिपते. आपल्या गावात तर याला पर्यायच नाही. गणपतीतला डॉल्बी, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर, फुटबॉलची मॅच जिंकल्यावर पेठेत होणारा जल्लोष. तुमचं कुत्रं दरवेळी दारापाशी रडत बसलं तर मुलाला मदत कोण करणार? छत्रीचंही तसंच. चार-पाच फुटांवर उघडायची, जमिनीवर ठेवायची, मोजायला लागायचं. दोरीला बांधलेलं फडकं झटके देत ओढा. कुतूहलाने बघणारं, दोन पावलं मागे जाणारं ठीक. झेप घालून फडकं झिंजाडणारं, सोडवताना गुरगुरणारं पिल्लू म्हणजे माझा वाघ्या.

कागदाचा गोळा चार फुटांवर टाका. मागे धावून, तोंडात धरून, तुमच्याकडे अर्ध्या वाटेपर्यंत जरी आलं तरी खूप झालं. गोळा घेऊन कोपऱ्यात जाऊन फाडत बसणारं पिल्लू खेळकर असतं, पण तुमच्या मुलासाठी पडलेला मोबाईल असाच कोपऱ्यात जाईल. तीनदा टाका, तिन्ही वेळचं लिहा.

डब्याची परीक्षा जुन्या यादीत नाही, पण अलीकडे मी घेतेच. उघड्या डब्यातली कलेजी दोनदा खाऊ द्यायची. तिसऱ्यांदा पिल्लासमोर झाकण घट्ट लावून डबा पुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. थोडा वेळ सगळीच झटापट करतात. त्यानंतर काही पिल्लं वर मान करून तुमच्या तोंडाकडे बघतात, "उघड की" म्हटल्यासारखं. व्हीलचेअर वगैरेसाठी कुत्री तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेच्या ३७५ पिल्लांवर २०२१ मध्ये अभ्यास झाला. माणसाने बोट दाखवलं की तिकडे जायचं आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं, हे पिल्लांना आठव्या आठवड्यातच यायला लागतं आणि त्यातला फरक बराचसा रक्तातून येतो, असं त्यात दिसलं. अडलं की माणसाकडे बघणारं पिल्लू शिकवायला सोपं जातं, एवढं मी खात्रीने सांगू शकते. डब्याशी मुकाट दहा मिनिटं भांडणारं पिल्लू हुशार असतं, कदाचित जास्तच हुशार. ते वास काढायच्या कामाला द्यावं.

एक इशारा. शांत पिल्लू आणि आजारी पिल्लू सात आठवड्यांचं असताना अगदी सारखं दिसतं. एकदा एका कुटुंबाने मला न विचारता "किती गुणी आहे" म्हणून कोपऱ्यात पडून असलेलं पिल्लू घरी नेलं. तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण, पार्वो हा विषाणूचा आजार निघाला, वाचलं नाही. हिरड्या गुलाबी आहेत का, पोट ढोलासारखं फुगलेलं आहे का, शेपटीखाली घाण आहे का, हे चाचणीआधी बघून घ्या. आणि एका दिवशी मंद वाटलेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा.

जातीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोल्हापुरात कुणी ना कुणी सांगणारच की मुधोळ नाहीतर कारवान घ्या, आपल्या मातीतलं आहे. मला ती कुत्री मनापासून आवडतात. पण नजरेने शिकार हेरून मागे सुटण्यासाठीच ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेलीत. ससा दिसला की सुटणार, आणि तो त्यांचा दोष नव्हे. गावठी कुत्र्यांतली काही घरातल्या आधारासाठी फार छान निघालेली मी पाहिलीत, पण रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाच्या पहिल्या सात आठवड्यांत काय काय झालं ते आपल्याला माहीत नसतं. लॅब ठीक आहे, तुम्ही योग्य वेतावर नजर ठेवलीय.

पिल्लू घरी आल्यावर खरी निवड सुरू होते. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्री वाढवून १९६५ मध्ये जे मांडलं ते आजही चालतं: तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जग बघतं, तेच त्याला पुढे आपलं वाटतं. आणि फाफेनबर्गर यांना दिसलं होतं की चाचणीत उत्तम ठरलेली पिल्लंसुद्धा त्यानंतर काही आठवडे नुसती पिंजऱ्यात राहिली की पुढे नापास व्हायची. म्हणजे तुमच्या हातात आठव्यापासून बाराव्यापर्यंत चारच आठवडे आहेत, आणि नेमके तेव्हाच लसीचे डोस पूर्ण झालेले नसतात, ते सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. इथे बरेच लोक "लस पूर्ण होईपर्यंत बाहेर नाही" म्हणून पिल्लाला घरात कोंडतात. खाली सोडू नका हे बरोबर, पण कडेवर घ्या की. रंकाळ्यावर संध्याकाळी कठड्यावर मांडीत घेऊन बसा, भेळेच्या गाड्या, घोडे, फुगेवाले बघू दे. मध्यवर्ती स्टँडच्या बाहेर दहा मिनिटं. महाद्वार रोडला गर्दीच्या वेळी नको, सकाळी दुकानं उघडताना न्या, शटरचे आवाज तिथे फुकट मिळतात. दिवसाला एकच नवी जागा, आणि पिल्लू कलेजी खायचं थांबलं की तिथून निघायचं. आठव्या ते दहाव्या आठवड्यात एक हळवा काळ येतो, त्यात बसलेली भीती लवकर जात नाही, म्हणून फटाके, डॉल्बी लांबच.

परात, छत्री, डबा, गोळा हे सगळं चार महिन्यांना, सहा महिन्यांना आणि वर्षाला पुन्हा करा, नव्या जागी. सहाव्या-आठव्या महिन्यात चांगली कुत्रीसुद्धा बिघडल्यासारखी वागतात, त्यावर लगेच निकाल देऊ नका. दीड वर्षाला मात्र द्यावाच लागतो. तोवर अंगावर वजन घ्यायची, खुर्ची ओढायची कामं अजिबात नकोत, हाडं पक्की झालेली नसतात. दोन वर्षांच्या सुमाराला खुब्याचा एक्स-रे काढून मगच. उचलून देणं, दोरी ओढणं, बोलावून आणणं या कामांना मात्र तसं वजन लागत नाही, ती खेळातून तिसऱ्या महिन्यापासून शिकवता येतात. शाळेत, केएमटीच्या बसमध्ये, दुकानात नेण्याचं म्हणाल तर आपल्याकडे सध्या बरंचसं समोरच्या माणसाच्या समजुतीवर चालतं. आधी घरातलं काम पक्कं करू, बाहेरचं नंतर बघू.

राहिलं मुलाचं. या रविवारी त्याला नेऊ नका, चाचणीच्या दिवशीही नको. जे पिल्लू आधी मांडीवर येईल त्यावर त्याचा जीव जडेल आणि मग तुमच्या आकड्यांना कोण विचारतो. चाचणीनंतर नवातली दोन किंवा तीन उरतील. त्यापुढच्या रविवारी, छप्पन्नाव्या दिवशी, त्याला घेऊन जा. उरलेल्या पिल्लांपुढून त्याला खुर्ची हळू फिरवू दे, हातातला रुमाल खाली पडू दे, आणि तुम्ही सगळे गप्प बसा. कोण चाकापासून बाजूला होऊन परत जवळ येतं, कोण रुमाल हुंगून त्याच्या तोंडाकडे बघतं, ते त्यालाच सांगू दे. निघण्याआधी खुर्चीच्या चाकांना तेल तेवढं घालू नका. घरी जशी करकरते तशीच तिथेही करकरू दे.